झाड उभे आहे तोवरची नोंद

१९२० साली लंडनच्या लाँगमन्स कंपनीने जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र छापले. चरित्रकार पॅट्रिक गेडिस त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. पुढे भारतीय समाजशास्त्रात मोठे नाव झालेले गो. स. घुर्ये यांच्यासाठी विलायतेची वाट सोपी करणारे गेडिस ते हेच. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत असताना डोळ्यांनी दगा दिला, सूक्ष्मदर्शकावर वाकून बसणे अवघड झाले आणि मन शहरांकडे वळले. तरी डंडीच्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी त्यांनी तीसेक वर्षे सोडली नाही. देठातली वीज कशी मोजतात आणि शहर कसे वाढावे, हे दोन्ही विषय ज्याला सारखेच जवळचे, असा माणूस १९१९ ते १९२४ या काळात मुंबईत शिकवत होता. योगायोग असा की १९२० सालीच ठाणे जिल्ह्यातली गावे काढून मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा करण्यात आला.

त्याला आता शंभरावर वर्षे झाली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत पालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडला जाऊन टेकली. झाडांच्या विजेचे शास्त्रही पुष्कळ पुढे गेले. वाढत्या शहराची आणि या शास्त्राची गाठ मात्र पडली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या झाडांची आपल्याकडे मोजदाद आहे, ती तोडायची परवानगी कोणी द्यायची याचा कायदा आहे, पडल्यावर फांद्या उचलायला गाड्या आहेत. झाड उभे असताना त्याच्या आत काय चालले आहे, हे नियमाने नोंदवून ठेवण्याची रीत मात्र नाही.

बोस यांनी ही रीत पाडायचा प्रयत्न केला होता, आणि तोही फार साध्या सामानावर. पाठ्यपुस्तकामुळे आपल्याला लाजाळू तेवढी आठवते. पण त्यांचा खरा दावा लाजाळूबद्दल नव्हताच. न हलणारी, न लाजणारी, मंडईत जुड्या बांधून मिळणारी भाजीही प्रतिसाद देते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी गाजर, सलगम, मुळा, फ्लॉवरचे देठ घेतले. देठ मधोमध चिमट्यात घट्ट धरायचा, दोन्ही बाजूंना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या वाती गुंडाळायच्या, त्यातून तारा गॅल्व्हानोमीटरला न्यायच्या. मग देठाचे एक टोक ठरावीक अंशांनी पिळायचे आणि सोडायचे. पिळलेली बाजू दुसऱ्या बाजूच्या तुलनेत ऋण होते, क्षणभर प्रवाह वाहतो, गॅल्व्हानोमीटरचा आरसा वळतो आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका कागदावर चढ-उताराची रेघ उमटवतो. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की रेघ बसत जाते. वेळेवर मोकळी हवा मिळाली तर पुन्हा उठते. उकळत्या पाण्यातून काढलेला देठ कितीही पिळा, ठिपका जागचा हलत नाही.

१० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे प्रयोग दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीपुढे मात्र वेगळाच प्रकार झाला. तिथे जॉन बर्डन-सँडरसन बसले होते. हे सामान्य टीकाकार नव्हते. डार्विनच्या सांगण्यावरून १८७३ साली व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी झाडाच्या पानात विजेचा झटका मोजणारे पहिले शास्त्रज्ञ तेच. पण असा झटका फक्त हलणाऱ्या झाडांत येतो, गाजर-मुळ्यात नव्हे, यावर ते ठाम होते. बोस यांचा निबंध सोसायटीने तेव्हा छापला नाही. त्यांनी मग पुस्तकांचा सपाटा लावला आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी कलकत्त्यात स्वतःची संस्था उघडली. तिच्या देणगीदारांत मुंबईचे मुळराज खटाव आणि एस. आर. बमनजी ही नावे आहेत. म्हणजे झाडांची वीज मोजण्याच्या कामात मुंबईचा पैसा शंभर वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

बोस यांचे सगळेच बरोबर निघाले असे नाही, आणि ते लपवण्यात त्यांचा मान वाढत नाही. खोडातून पाणी वर कसे चढते, या प्रश्नासाठी त्यांनी विजेची एक बारीक सुई बनवली. टोक तेवढे उघडे, बाकी सगळी झाकलेली. ती खोडात अगदी सूक्ष्म टप्प्यांनी आत सरकवत न्यायची आणि प्रत्येक थराला गॅल्व्हानोमीटर काय सांगतो ते टिपायचे. एका थराशी त्यांना स्पंदने दिसली आणि हाच थर पंपासारखा पाणी वर ढकलतो, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडले. हा निष्कर्ष टिकला नाही. पानांतून बाष्प उडते, त्या ओढीने पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो, हा डिक्सन आणि जॉली यांचा १८९४ चा सिद्धांतच शेवटी मान्य झाला. पण सुई राहिली. जिवंत खोडात मोजमापाचे साधन ठेवून तासन्‌तास वाट पाहायची, ही कल्पना निष्कर्षापेक्षा टिकाऊ ठरली.

फरीदपूरच्या खजुरीची गोष्ट आजच्या मुंबईला अधिक उपयोगाची आहे. पूर्व बंगालातल्या या गावी वादळाने कललेले एक खजुरीचे झाड होते. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते माथा जमिनीला टेकवी आणि सकाळी पुन्हा उठून उभे राही. साहजिकच नवस सुरू झाले, जत्रा भरू लागली. बोस यांनी तिथे यंत्र लावायचे ठरवले तेव्हा मालक तयार होईना. परक्या यंत्राने झाडाचे माहात्म्य जाईल ही भीती. यंत्र कलकत्त्यात, आपल्याच माणसांनी बनवलेले आहे आणि ते लावणारा सहायक पुजाऱ्याचा मुलगा आहे, असे समजल्यावर त्याने होकार दिला. रात्रंदिवस घेतलेली रेघ आणि तापमानाची रेघ शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला: ऊन वाढले की झाड खाली, गारवा आला की वर. घंटेचा संबंध नव्हता. हे यंत्र विजेचे नव्हते, तरफेचे होते. पण एका गावातल्या एका झाडाची, ते जिवंत असताना, ते जिथे होते तिथेच घेतलेली अखंड नोंद यातून मिळाली. आणि त्या नोंदीपुढे एक लोकप्रिय समजूत गळून पडली, तरी झाडाबद्दलचे कुतूहल वाढलेच.

पुढची पन्नास वर्षे या विषयाला फारशी मानवली नाहीत. १९६६ साली क्लीव्ह बॅक्स्टर या अमेरिकन लाय-डिटेक्टर तज्ज्ञाने आपल्या कार्यालयातल्या कुंडीतल्या झाडाला आपले यंत्र जोडले आणि झाडाला माणसाच्या मनातले कळते, असे जाहीर केले. १९७३ साली त्यावर एक पुस्तक निघाले, ते हातोहात खपले, आणि झाडांना संगीत ऐकवण्याच्या बातम्या जगभर आल्या. आपल्याकडेही कमी आल्या नाहीत. आमच्या बोसांनी हे आधीच सांगितले होते, ही पुस्ती तर ठरलेलीच. खरे तर बोस यांनी असे काही सांगितले नव्हते. त्यांनी व्होल्ट मोजले होते, भावना नव्हेत. १९७५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी बॅक्स्टरचा प्रयोग नीट बंदोबस्तात पुन्हा करून पाहिला आणि त्यात काहीही सापडले नाही, असे ‘सायन्स’मध्ये छापले. तोवर नुकसान झाले होते. ‘झाडाची वीज मोजतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे प्रयोगशाळेतले लोक बुवाबाजी करणाऱ्याकडे पाहावे तसे पाहू लागले.

त्याच १९७५ साली आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि उपनगरात राहणाऱ्या माणसाने त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली गोष्ट रेन ट्रीची. पश्चिम उपनगरांतल्या जुन्या रस्त्यांवर छत धरणारे हे मोठे झाड मूळचे अमेरिका खंडातले, पण आता पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेले. संध्याकाळ झाली की त्याच्या पर्णिका जोडीजोडीने मिटतात. आभाळ भरून आले तर भर दुपारीही मिटतात. ही उघडमीट पर्णिकेच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यात घडते. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामागे पाणी जाते, त्या पेशी सैल पडतात आणि दुसऱ्या बाजूच्या फुगतात. रॅकुसेन आणि रूथ सॅटर या अमेरिकन संशोधकांनी नेमक्या याच झाडाच्या सांध्यात अतिसूक्ष्म विद्युतअग्रे घालून पेशीच्या आतबाहेरच्या व्होल्टेजमधला फरक मोजला. तो फरक दिवसरात्रीच्या तालावर बदलतो आणि प्रकाशाच्या रंगाप्रमाणेही बदलतो, असे त्यांना आढळले. ‘नेचर’मध्ये हा निबंध १९७५ साली आला. आपल्या फुटपाथवरचे झाड त्या शास्त्रात एक नमुनेदार झाड ठरले. आपण ते फक्त सावलीला आणि गाडी उभी करायला वापरले.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. वृक्ष प्राधिकरण, तोडीची परवानगी, भरपाईची लागवड, दर पाच वर्षांनी वृक्षगणना, हे सगळे त्यातून आले. कायदा चांगला आहे, आणि तो नसता तर आज मोजायलाही काही उरले नसते, हे मान्य केले पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावायची, असा हिशेब घातला. पण हा सगळा कायदा संख्येच्या भाषेत बोलतो. झाड एकतर आहे किंवा नाही. मधली अवस्था, म्हणजे झाड आहे पण मरते आहे, ती या कायद्याच्या नजरेत भरत नाही.

ही मधली अवस्था उपनगराने चांगली पाहिली आहे. २०१० नंतरच्या दशकात विलेपार्ले, सांताक्रूझ, गोरेगाव पट्ट्यातले रेन ट्री एकामागून एक वाळले. पांढऱ्या पिठ्या ढेकणाने त्यांचा रस शोषला. पाने गळाली, फांद्या करवंदीच्या काट्यांसारख्या उघड्या पडल्या, तेव्हा लोकांनी तक्रारी केल्या, तोवर बऱ्याच झाडांत काही उरले नव्हते. पानगळ हे शेवटचे लक्षण असते. खोडातला पाण्याचा प्रवाह त्याच्या कितीतरी आधी मंदावतो, आणि तो मोजता येतो.

कसा मोजतात, हे थोडे जवळून पाहू. १९८५ साली ग्रॅनिए या फ्रेंच संशोधकाने एक साधी युक्ती काढली. खोडाच्या ओल्या लाकडात एकाखाली एक अशा दोन बारीक सुया बसवायच्या. वरची सुई विजेने सतत किंचित तापवायची, खालची तशीच ठेवायची. पाणी वर चढत असेल तर ते तापलेल्या सुईची उष्णता घेऊन पुढे जाते आणि दोन सुयांमधल्या तापमानाचा फरक कमी होतो. प्रवाह थांबला की फरक वाढतो. हा फरक तांबे आणि कॉन्स्टंटन यांच्या जोडतारेत उमटतो, अंशाला चाळीसेक मायक्रोव्होल्ट या हिशेबाने. रात्री प्रवाह जवळजवळ शून्य असतो, तेव्हाचा आकडा पाया धरायचा. सकाळी ऊन चढू लागले की रेघ हलू लागते, दुपारी पाणी पुरत नसेल तर मध्येच खचते, संध्याकाळी शांत होते. असे चार दिवस पाहिले तरी झाडाची पाण्याची ओढाताण डोळ्यांपुढे येते. खोड पोखरले आहे का, हे तपासायची तर याहून जुनी रीत आहे. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात बारीक भोकातून तारेची सळई आत सरकवत लाकडाचा विद्युतरोध मोजणारे यंत्र प्रचारात आणले. कुजू लागलेल्या लाकडात क्षार साठतात, त्यामुळे रोध एकदम खाली येतो. त्यावरून कूज कुठे लागली ते कळते. विजेच्या खांबांसाठीही ते वापरले गेले.

पानापानांतल्या विजेच्या इशाऱ्यांचे शास्त्रही आता सावरले आहे. १९९२ साली टोमॅटोच्या रोपाच्या एका पानाला इजा करून, देठ गार करून रसाची वाहतूक अडवल्यावरही विजेचा इशारा दुसऱ्या पानापर्यंत पोहोचतो आणि तिथे बचावाची रसायने तयार होऊ लागतात, हे दाखवले गेले. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने या इशाऱ्यांमागची जनुके ओळखली. प्राण्यांच्या मेंदूतल्या काही ग्राहकांशी त्यांचे दूरचे नाते निघाले. बर्डन-सँडरसन चुकले होते, हे आता वादातीत आहे. पण यातले बरेचसे काम प्रयोगशाळेतल्या, लोखंडी जाळीत ठेवलेल्या, कोवळ्या रोपांवरचे आहे. ते उचलून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या झाडाला लावता येईल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. रेल्वेच्या तारांत पंचवीस हजार व्होल्टची पन्नास हर्ट्‌झ वीज वाहते; रुळालगतच्या झाडाला काही मिलिव्होल्टसाठी तार जोडली तर झाडाआधी लोकलच ऐकू येईल. पावसाळ्यात जोडण्या गंजतात, मुंग्या घर करतात, तांब्याची तार दिसली की ती कापून नेणारेही आहेतच. म्हणून उपनगरात सुरुवात करायची ती प्रवाहाच्या सुयांपासून आणि विद्युतरोधापासून. पानांची कुजबुज नंतर.

यंत्राच्या मर्यादाही आधीच सांगितलेल्या बऱ्या. २०१७ च्या जुलैत चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एका महिलेचा जीव गेला. ते झाड काढण्याची मागणी आधी झाली होती आणि परवानगी मिळाली नव्हती. अशा वेळी यंत्र असते तर, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नारळाच्या खोडात आंब्यासारखी ओल्या लाकडाची कडी नसते, पाण्याच्या नळ्या सगळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. शायगोच्या सळईचा तिथे फारसा भरवसा नाही. उपनगरांत नारळ किती आहेत हे लक्षात घेतले तर ही अडचण किरकोळ नाही.

तरीही आकड्यांनी या शहराचे वागणे बदलते, याचा पुरावा आपल्या घरातलाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७३. एका शहरात दोन यंत्रे पुरत नाहीत, हे त्या एका दिवसाने शिकवले. त्यानंतर आयआयटी मुंबईच्या मदतीने अग्निशमन केंद्रांच्या छतांवर स्वयंचलित पर्जन्यमापके बसली, आणि आज अंधेरीत पाऊस किती आणि मुलुंडात किती हे घरबसल्या कळते. हवेचेही तेच. ‘सफर’ची केंद्रे आल्यावर बोरिवली-अंधेरीचा हवेचा निर्देशांक सकाळच्या फिरण्यातल्या गप्पांत आला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पालिकेला बांधकामांसाठी धूळ रोखण्याची नियमावली काढावी लागली. धूळ आधीही होतीच. आकडा नव्हता.

झाडांचा आकडा मात्र २०१८ च्या गणनेतला, सुमारे २९ लाख ७५ हजार. जात, घेर, उंची, ठिकाण टिपलेले हे एका दिवसाचे चित्र आहे. त्यानंतर तौक्ते चक्रीवादळ येऊन गेले, रस्ते सिमेंटचे होऊ लागले. २०२३ पासून सुरू झालेल्या या कामात शेकडो किलोमीटरचे रस्ते खणले गेले. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या एका प्रकरणात २०१३ सालीच सांगून ठेवले आहे. तरी खणताना मुळे किती तुटली आणि त्याचा खोडावर काय परिणाम झाला, हे फोटोवरून ठरवले जाते. कंत्राटदार म्हणतो झाड ठणठणीत आहे, रहिवासी म्हणतात मेले. पावसाळा संपेपर्यंत दोघांचेही म्हणणे चालते.

आरेतल्या मेट्रो कारशेडच्या झाडांचेही असेच झाले. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्या रात्रीपासून करवती चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडे गेली. तेव्हाचा सगळा वाद संख्येचा होता. पुनर्रोपणाच्या झाडांचा प्रश्नही ‘जगली की मेली’ एवढ्यावरच अडला. दुसऱ्या जागी हलवलेले मोठे झाड पहिले दोन-तीन उन्हाळे कसे काढते, हे सुया सांगू शकतात, ते विचारायचे कोणाला सुचले नाही. आता राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून दोन मोठे जोडबोगदे चालले आहेत, एक गोरेगाव-मुलुंड, दुसरा ठाणे-बोरिवली. पहिल्यासाठी चित्रनगरीतली ९५ झाडे तोडायला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये परवानगी दिली. बोगदा खोल आहे, वरच्या जंगलाला धक्का नाही, असे सांगितले जाते. तसे असेलही. मग बोगद्याच्या रेषेवरच्या आणि तिच्यापासून लांबच्या काही झाडांत प्रवाहाच्या सुया आजच बसवायला हरकत काय? भूजल खाली गेले तर उन्हाळ्यातल्या दुपारच्या रेघा वेगळ्या दिसू लागतील. नाही गेले तर सांगणाऱ्यांचा शब्द खरा ठरेल.

यंत्रे परदेशातून आणायला हवीत असेही नाही. पवईला, म्हणजे अंधेरी आणि घाटकोपरच्या मधोमध, आयआयटीच्या आवारातच मातीतला ओलावा विजेने मोजून मोबाइलवर पाठवणारी स्वस्त साधने तयार झाली आणि त्यातून ‘सॉइलसेन्स’ नावाची कंपनी उभी राहिली. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसाच्या शेतात अशी संवेदके लावून सल्ला द्यायची व्यवस्था केली आहे. शेतकरी यात पैसा घालतो, कारण उसाचे टन वाढले की ते त्याच्या खात्यात दिसतात. घाटकोपरच्या रस्त्यावरच्या पेल्टोफोरमची सावली कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. म्हणून आयआयटीच्या भिंतीच्या आत जे मोजता येते ते भिंतीबाहेर पवई तलावाच्या रस्त्यावर मोजले जात नाही.

एक धोका मात्र उघड आहे, आणि तो मान्य न करता हा आग्रह धरणे भाबडेपणाचे होईल. विद्युतरोधाचा कागद हाती आला की तो सर्वांत आधी वापरणार तो बिल्डरच. ‘झाड आतून कुजले आहे, हा पाहा आकडा’, असे म्हणून वृक्ष प्राधिकरणापुढे अर्ज पडतील. आजही धोकादायक झाड म्हणून अर्ज येतातच, त्यांना शास्त्राची झूल चढेल. यावर उपाय यंत्र न वापरणे हा नाही. मोजणारा हा अर्जदाराच्या पगारावर नसावा, आणि आकडे रोजच्या रोज सगळ्यांना दिसावेत, एवढे पाहिले पाहिजे. एका दिवसाच्या आकड्याने झाड मारता येते. दोन वर्षांची अखंड रेघ समोर असली तर खोटे बोलणे जड जाते. फरीदपूरची खजुरी हेच शिकवून गेली.

लाखो झाडांना सुया टोचा, असे कोणी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि गरजेचेही नाही. प्रत्येक भोक म्हणजे झाडाला छोटी जखमच. प्रत्येक विभागात निवडक झाडे पुरतील. काही सिमेंटच्या रस्त्यावरची, काही बागेतली, काही पुनर्रोपित, काही बोगद्याच्या रेषेवरची. पावसाळ्याआधी सरसकट फांद्या छाटत सुटण्याऐवजी संशयित जुन्या खोडांचा विद्युतरोध तपासावा, म्हणजे करवत नेमकी कुठे चालवायची ते कळेल. आणि एक अट परवानगीतच घालावी: झाडाच्या मुळांच्या पसाऱ्यात खणणाऱ्या कोणत्याही कामाला, मग तो रस्ता असो, मेट्रो असो की गृहसंकुल, काम सुरू होण्याच्या आधीपासून आणि नंतर दोन वर्षे त्या झाडाच्या प्रवाहाची नोंद ठेवावी लागेल, खर्च काम करणाऱ्याचा, आकडे पालिकेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले. भरपाईच्या रोपांवर होणारा खर्च पाहता हा खर्च कोणाला परवडणार नाही असे नाही.

कायद्याप्रमाणे पुढची वृक्षगणना आता लांबणीवर टाकता येण्यासारखी नाही. तिच्या निविदेत झाडांची प्रकृती कशी मोजणार, हा रकाना असावा की नसावा, हे निविदा निघण्याआधीच ठरते. अंधेरीकरांनी के पश्चिम आणि के पूर्व, बोरिवलीकरांनी आर मध्य, मुलुंडकरांनी टी आणि घाटकोपरकरांनी एन विभागाच्या कार्यालयात जाऊन उद्यान खात्याला लेखी विचारावे: आमच्या रस्त्याचे सिमेंटीकरण झाल्यापासून इथली झाडे किती पाणी ओढत आहेत, याचा एक तरी आकडा तुमच्याकडे आहे का? अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.